विद्यार्थी अदलाबदल आणि स्वतंत्र खोलीची अट

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जून महिना लागला की आमच्या शाळेत जर्मन शिकणाऱ्या मुलांना पुढील वर्षीच्या 'एक्स्चेंज'चे, म्हणजे इथली आणि जर्मनीतील मुले आळीपाळीने एकमेकांच्या घरी राहून येतात त्या उपक्रमाचे, फॉर्म वाटले जातात. चार पानांच्या या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक प्रश्न असतो : 'पाहुण्या विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र खोली व पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय उपलब्ध आहे काय?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिणाऱ्या मुलाचे नाव यादीत आपोआप खाली जाते, आणि अनेक पालक तर हा प्रश्न वाचूनच फॉर्म न भरता घडी घालून दप्तरात परत ठेवतात. दहावीची परीक्षा झाल्यावर, २०२५ च्या मे महिन्यात, मी तीन आठवडे जर्मनीतील ब्रेमेन शहरात राहून आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माझी तिथली पार्टनर, म्हणजे जिच्या घरी मी राहिले ती मुलगी, आमच्याकडे राहून गेली. या दोन्ही मुक्कामांच्या अनुभवावरून ही अट काढून टाकावी अशी माझी मनापासूनची विनंती आहे, आणि ती का, हे सविस्तर सांगता यावे म्हणून हे पत्र.

आम्ही पुण्यात दत्तवाडीत दोन खोल्यांत पाच जण राहतो : आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. बाबा पीएमपी या शहर बससेवेत वाहक आहेत, आई घरून जेवणाचे डबे देते. वरील प्रश्नापुढे बाबांनी खरे ते 'नाही' असे लिहिले. चार दिवसांनी शाळेतून सांगण्यात आले, की भाषेचे गुण चांगले असल्यामुळे मुलगी जाऊ शकेल, पाहुणी मात्र तुमच्याकडे न ठेवता दुसऱ्या एखाद्या मोठ्या घरी ठेवू. सांगणाऱ्यांचा स्वर आपुलकीचा होता आणि त्यांना आमची सोयच पाहायची होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्या रात्री बाबा जेवताना एवढेच म्हणाले, "आपण त्यांच्या घरी तीन आठवडे जेवायचं आणि त्यांच्या मुलीला आपल्या घरी बोलवायचं नाही, हे बरं दिसत नाही." पुढे कित्येक दिवस हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

खर्चाविषयीही स्पष्ट लिहिते, कारण पालकांना त्याचा उपयोग होईल. आम्हाला एकूण १ लाख ७० हजार रुपये लागले. त्यातील मोठा भाग बाबांनी पतपेढीचे कर्ज काढून उभा केला आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. शिक्षकांसोबत शैक्षणिक कारणासाठी जाणाऱ्या शाळकरी मुलांना शेंगेन व्हिसाचे शुल्क माफ असते, हे आमच्यापैकी अनेकांच्या घरी माहीत नव्हते. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क मात्र भरावे लागते, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा काढावा लागतो आणि मूल अल्पवयीन असल्यामुळे आई-वडील दोघांचेही संमतिपत्र जोडावे लागते. हे सारे जमवता जमवता एप्रिल संपला आणि ३ मे रोजी आम्ही चौदा विद्यार्थी व दोन शिक्षिका मुंबईहून फ्रांकफुर्टला आणि तिथून रेल्वेने ब्रेमेनला पोहोचलो.

माझ्या पार्टनरचे घर वेझर नदीच्या डाव्या तीरावर, नॉयश्टाट भागात, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तिची आई वृद्धाश्रमात परिचारिका असून तिला पाळ्यांनुसार काम करावे लागते, आणि घरात ती, तिची मुलगी व नऊ वर्षांचा मुलगा असे तिघेच. मुलाची गादी आईच्या खोलीत जमिनीवर टाकलेली होती आणि त्याच्या पलंगावर माझ्यासाठी नवी चादर घातलेली होती. म्हणजे ज्या घरात माझ्यासाठी स्वतंत्र खोली नव्हती, त्याच घराने मला ठेवून घेतले होते. हे लक्षात आल्यावर पहिल्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आमच्या फॉर्मचे तिसरे पान डोळ्यांसमोर येत होते.

फ्रिजच्या दाराला त्या घरच्या कामांचा तक्ता चिकटवलेला होता. सोमवारी कचरा, मंगळवारी भांडी, बुधवारी जिना पुसणे, आणि प्रत्येक वारापुढे कोणाचे तरी नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर गुरुवारच्या भांड्यांपुढे पेन्सिलीने माझे नाव लिहिले होते. पाहुण्याला काम सांगायचे नाही या रीतीत वाढलेली मी क्षणभर गोंधळले. पण गुरुवारी भांडी घासून झाल्यावर त्या लहान मुलाने ताटल्या पुसून फळीवर ठेवता ठेवता मला प्रत्येक भांड्याचे जर्मन नाव सांगितले, आणि मी चुकले की तो शांतपणे पुन्हा म्हणून घेई. झारा, किसणी, गाळणी, उलथने हे शब्द मला तीन वर्षांत कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते. रात्रीचे जेवण तिथे बहुधा थंडच असते : पाव, लोणी, चीज, काकडी. मी नेलेले मेतकूट तिसऱ्या दिवशी बाहेर निघाले आणि मऊ भातावर घालून चौघांनी खाल्ले. पुढे तो मुलगा शाळेतून आला की आधी 'पिवळ्या भाता'ची चौकशी करू लागला. मे महिन्यात तिथे रात्री नऊ वाजताही उजेड असतो, त्यामुळे जेवणे झाल्यावर आम्ही नदीकाठी फेरी मारून येत असू आणि खरे बोलणे तेव्हाच होई.

आम्ही तिथे असतानाच ७ मे उजाडला. आदल्या रात्री भारताने केलेल्या हवाई कारवाईची बातमी पार्टनरच्या आईने सकाळी रेडिओवर ऐकली आणि मला उठवून, शेजारी बसवून सांगितली. पुढचे तीन-चार दिवस, म्हणजे १० मे रोजी गोळीबार थांबल्याची घोषणा होईपर्यंत, ती कामावरून कितीही दमून आली तरी मी घरी फोन करीपर्यंत जागी राहत असे. तिला मराठी कळत नव्हते, पण फोनवरचा आजीचा आवाज तिला कळत होता. मी फोन ठेवल्यावर ती फक्त विचारी, "आजी ठीक?" आम्हा चौदा जणांना एखाद्या वसतिगृहात एकत्र ठेवले असते, तर ते चार दिवस आम्ही एकमेकांची भीती वाढवण्यातच घालवले असते असे मला वाटते.

८ मे हा युरोपातील दुसरे महायुद्ध संपल्याचा दिवस, आणि गेल्या वर्षी त्याला ८० वर्षे झाली. त्या दिवशी पार्टनरच्या वर्गातील मुलांनी आपापल्या रस्त्यावरील 'श्टोल्परश्टाइन' घासून स्वच्छ करावेत असे ठरले होते. 'श्टोल्परश्टाइन' म्हणजे ठेच लागणारा दगड. नात्सींच्या राजवटीत ज्यांना घरातून ओढून नेले, मारले किंवा परागंदा व्हायला लावले, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, पदपथाच्या फरशीत, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक पितळी पट्टी बसवलेली असते. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केले आणि आज युरोपभर अशा एक लाखाहून अधिक पट्ट्या आहेत. आमच्या इमारतीपासून तिसऱ्या दारासमोर अशा तीन होत्या. पाच दिवस मी त्यांच्यावरून ये-जा केली होती, पण त्या काळवंडलेल्या असल्यामुळे त्यावर अक्षरे आहेत हेही मला दिसले नव्हते.

पॉलिश संपले होते. पितळ उजळायचे तर आजी चिंच वापरते, हे मला माहीत होते. तिथे चिंच कुठून असणार, म्हणून मी स्वयंपाकघरातून अर्धे लिंबू आणि मीठ आणले. गुडघे टेकून मी एक पट्टी घासू लागले तसे आधी 'येथे' हा शब्द उजळला, मग 'राहत होते', मग नाव, मग जन्माचे साल, आणि शेवटच्या ओळीत मिन्स्क. ब्रेमेनमधील ज्यूंना १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये तिकडे, आजच्या बेलारूसमध्ये, पाठवले गेले होते, हे पार्टनरने मला तिथेच सांगितले. जन्मसाल आणि नेल्याचे साल यांची वजाबाकी मी मनात केली. ती मुलगी माझ्याच वयाची होती. मी काही बोलले नाही, पार्टनरही बोलली नाही. आम्ही उरलेल्या दोन पट्ट्या घासल्या आणि लिंबाची साल उचलून घरी आलो. त्या दिवशी माझ्या घरच्या आकाशात काय चालले आहे याची काळजी मनात होती आणि गुडघ्याखाली ८० हून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घराचा पत्ता होता. याहून अधिक मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

शाळेतील दिवसही पुष्कळ शिकवून गेले, त्यातील एकच सांगते. तिथे वर्गात तोंडी सहभागाला गुण असतात. गप्प बसणारा विद्यार्थी लेखी परीक्षेत कितीही चांगला असला तरी त्याचे गुण कमी होतात. इतिहासाच्या तासाला आम्हाला रेल्वे स्थानकामागच्या बागेत नेले. तिथे विटांचा सुमारे दहा मीटर उंच हत्ती उभा आहे. जर्मनीने गमावलेल्या वसाहतींच्या आठवणीसाठी तो १९३२ मध्ये उभारला गेला होता, आणि १९८० च्या दशकाअखेर त्याच शहराने तो वसाहतवादाविरुद्धचे स्मारक म्हणून नव्याने जाहीर केला. जवळच आजच्या नामिबियातील हेरेरो आणि नामा लोकांच्या संहाराचे स्मरण करणारे दगड मांडलेले आहेत. वर्गातील एका मुलाने मला विचारले, की इंग्रज गेल्यावर त्यांच्या पुतळ्यांचे तुम्ही काय केले? मला उत्तर देता आले नाही. मुंबईतील काळ्या घोड्याचा, म्हणजे इंग्रजांचा राजा सातवा एडवर्ड याचा, पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला गेला, हे मी रात्री वाचून काढले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून सांगितले. वर्गात आपण होऊन हात वर करण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. आपल्याकडे दुपारचा एक वाजला होता आणि तिथे सकाळचे साडेनऊ. टक्केवारी म्हणजे काय हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, कारण त्यांच्याकडे १ हा सर्वांत चांगला शेरा आणि ६ हा सर्वांत वाईट.

दोन दिवस आम्हाला बर्लिन दाखवले. ब्रेमेनचे जागतिक वारशाच्या यादीतील नगरभवन आणि त्यासमोरचा १४०४ सालचा रोलांडचा पुतळाही पाहिला. छायाचित्रे पुष्कळ आहेत. पण घरी आल्यावर मी आजीला जे जे सांगितले त्यात बर्लिन एकदाही आले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पार्टनरच्या आईला सहज विचारले, की आम्हाला ठेवून घेण्यासाठी तुम्हाला कोणता फॉर्म भरावा लागला होता. तिने तो मेलमधून काढून दाखवला. घरात कोणी धूम्रपान करते का, पाळीव प्राणी आहे का, रात्रीच्या जेवणाला घरातील किमान एक मोठी व्यक्ती पाहुण्यासोबत असू शकेल का, पाहुण्याच्या आहाराचे पथ्य पाळता येईल का, आणीबाणीत कोणाला फोन करायचा, असे प्रश्न त्यात होते. झोपण्याच्या जागेबद्दल एवढेच होते, की स्वतंत्र पलंग किंवा गादी आहे का. खोल्या किती, हे कुठेही विचारलेले नव्हते. शाळा वेगळी असती तर कदाचित फॉर्मही वेगळा असता, हे मला समजते. पण मी ज्या घरात राहिले ते घर या फॉर्ममुळे निवडले गेले होते, आणि आमच्या फॉर्ममुळे गाळले गेले असते.

परत आल्यावर बाबा आणि मी शाळेत जाऊन हे सांगितले. दोन भेटी निष्फळ ठरल्या. मग पार्टनरने स्वतःहून आपल्या शिक्षकांमार्फत कळवले, की तिला माझ्याच घरी राहायचे आहे आणि खाली गादीवर झोपायला तिची काही हरकत नाही. तेव्हा शाळेने परवानगी दिली. याबद्दल मी शाळेची कृतज्ञ आहे. तरीही हे लिहिल्यावाचून राहवत नाही, की आमच्या घराला योग्य ठरवण्यासाठी साडेसहा हजार किलोमीटरवरून एका मुलीला पत्र पाठवावे लागले.

ऑक्टोबरच्या मध्यावर ब्रेमेनच्या शाळांना शरद ऋतूची सुट्टी असते आणि गेल्या वर्षी आपली दिवाळी नेमकी तेव्हाच आली होती. माझी पार्टनर बाहेरच्या खोलीत आजीच्या शेजारी गादीवर झोपली. ज्या शौचालयावरून एवढा विचार झाला, त्याबद्दल तिने पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले, आणि नंतर तो विषय पुन्हा निघाला नाही. मोरीत बादलीने अंघोळ करणे तिला जमले. पहाटे पाचला उठून उटणे लावणे मात्र तिला जड गेले. पण आजीने स्वतः तिच्या दंडाला तेल चोळल्यावर ती जागी झाली आणि कारीट फोडायला सर्वांत आधी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "माझं काम कोणतं?" आजी म्हणाली, पाहुण्यांना काम नसतं. तेव्हा पार्टनरने वहीचे पान फाडून सात वारांचा तक्ता केला, त्यात शनिवारपुढे स्वतःचे नाव लिहिले आणि तो आमच्या फ्रिजला चिकटवला. आजीला ते वाचता येत नव्हते, पण तिला ते कळले. शनिवारी तिने पार्टनरच्या हाती चकलीचा सोऱ्या दिला. त्या दिवशीच्या चकल्या काट्याविना, सपाट निघाल्या आणि त्या आम्ही सगळ्यात आधी संपवल्या. तो तक्ता अजून आमच्या फ्रिजवर आहे आणि शनिवारचे काम आता भाऊ करतो.

पण या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट माझ्या घरची नाही. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांचा मार्केट यार्डात भाजीचा गाळा आहे आणि ते पर्वतीच्या पायथ्याशी चाळीत राहतात. त्याचे जर्मन आमच्या सर्वांपेक्षा चांगले आहे. विमानाचे तिकीटच परवडणारे नसल्यामुळे त्याने एक्स्चेंजचा फॉर्म कधी भरला नाही. ऑक्टोबरमध्ये पाहुणे आल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्यातील एका मुलाला डेंग्यू झाला आणि त्याच्याकडे उतरलेल्या जर्मन मुलाची सोय तातडीने दुसरीकडे करावी लागली. बाकी सर्वांकडे आधीच पाहुणे होते, काही कुटुंबे गावी निघाली होती. बाईंनी रात्री साडेनऊला या मुलाच्या घरी फोन केला. त्याच्या आईने एवढेच विचारले, "भात खातो ना?"

चार दिवस तो जर्मन मुलगा चाळीत राहिला. चाळीतील मुलांचा दिवाळीचा किल्ला तेव्हा अर्धा झाला होता : विटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, त्यावर लाल माती, उतारावर पेरलेले अळीव. त्या वर्षी जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यामुळे सगळीकडे किल्ल्यांचीच चर्चा होती आणि या मुलांनी राजगड करायला घेतला होता. जर्मन मुलाने कोपरापर्यंत हात मातीत घातले. 'बुरूज' हा शब्द ऐकून तो थबकला, कारण त्याच्या भाषेत किल्ल्याला 'बुर्ग' म्हणतात. त्यावरून दोघांचे सुरू झाले : हे माची, ते बालेकिल्ला, ही तटबंदी, हा चोरदरवाजा, आणि प्रत्येकाला तिकडे काय म्हणतात. शेवटी त्यांनी काड्यापेटीतील काड्यांना कागद चिकटवून छोट्या छोट्या निशाण्या केल्या आणि प्रत्येकीवर दोन्ही भाषांत नावे लिहिली. 'चोरदरवाजा' लिहिताना अर्धा तास वाद झाला, असे मला नंतर कळले. मी पाहायला गेले तेव्हा चाळीतील दुसरी-तिसरीतील मुले त्या निशाण्या मोठ्याने वाचत होती. आमच्या वर्गमित्राने नंतर मला सांगितले, की त्या चार दिवसांत तो जितके जर्मन बोलला तितके शाळेच्या तीन वर्षांत मिळूनही बोलला नव्हता. ब्रेमेनला गेलेल्या आम्हा चौदा जणांत असे म्हणू शकणारे फार थोडे आहेत, कारण आम्ही संधी मिळताच एकमेकांशी मराठीत बोलत असू.

यावरून माझी दुसरी विनंती. परदेशी जाणे आणि परदेशी पाहुणा घरी ठेवणे या दोन गोष्टी आपण एकाच फॉर्ममध्ये बांधून ठेवल्या आहेत : जो जाईल त्यानेच पाहुणा ठेवायचा. जाण्याला दीड-पावणेदोन लाख रुपये लागतात. पाहुणा ठेवायला वरणभातात एक वाटी वाढवावी लागते. ज्या मुलाला जाणे परवडत नाही त्यालाही घरी पाहुणा ठेवण्यासाठी नाव देता यावे, अशी वेगळी नोंद शाळांनी करावी. एखाद्या पाहुण्याने एक आठवडा एका घरी आणि दुसरा आठवडा दुसऱ्या घरी राहायलाही काय हरकत आहे? असे केले तर एका एक्स्चेंजचा लाभ चौदा घरांऐवजी अठ्ठावीस घरांना मिळेल, आणि त्यासाठी कोणाला एक रुपयाही अधिक मोजावा लागणार नाही.

शाळांच्या अडचणी मला मान्य आहेत. दुसऱ्या देशातील अल्पवयीन मुले आपल्याकडे सोपवलेली असतात, त्यांच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी मोठी आहे, आणि जर्मन पालकांनाही विश्वासात घ्यावे लागते. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला असला तर २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून ती माहिती सरकारला ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक असते. आमच्या बाबांना ते जमले नाही तेव्हा शाळेच्या कार्यालयातील काकांनी थांबून तो भरून दिला. अशी मदत लागते आणि ती मिळावी. घर पाहायला शिक्षकांनी जरूर यावे. पिण्याचे पाणी कसले, रात्री मुलगा कोणाजवळ झोपणार, जवळचा दवाखाना कुठे, घरात सायंकाळी मोठे माणूस असते का, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे दोन खोल्यांच्या घरात उत्तम असू शकतात आणि चार खोल्यांच्या घरात वाईट असू शकतात. आमच्याच तुकडीतील एक जर्मन मुलगी स्वतंत्र, वातानुकूलित खोलीत उतरली होती. यजमान आई-वडील दोघेही रात्री नऊनंतर घरी येत आणि ती रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत असे. यात त्या कुटुंबाचा दोष आहे असे मी म्हणत नाही, त्यांची नोकरीच तशी आहे. पण फॉर्मने त्यांना हे विचारलेच नव्हते.

ब्रेमेन आणि पुणे यांचे मैत्रीचे नाते अनेक वर्षांचे आहे, औंधमधील ब्रेमेन चौकाचे नाव आपण रोज बसमध्ये ऐकतो. बाबा त्या मार्गावर असताना दिवसातून कितीतरी वेळा हे नाव पुकारत. ते नाते अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांतील मुलांपर्यंतही पोहोचावे, असे मला फार वाटते. सगळ्या शाळांत जर्मन शिकवले जात नाही हे खरे, पण पाहुण्याला घरी ठेवण्यासाठी जर्मन यावेच लागते असे नाही. आजीला ते येत नव्हते.

या वर्षीचे फॉर्म आमच्या शाळेत वाटून झाले आहेत आणि तिसऱ्या पानावरचा प्रश्न अजून तसाच आहे. माझ्या त्या वर्गमित्राने या वेळी फॉर्म घेतला. 'परदेशी जाण्याची इच्छा आहे काय' या चौकटीत त्याने आडवी रेघ मारली, खोलीच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले, आणि शेवटच्या पानाच्या मोकळ्या समासात हाताने एक ओळ लिहून दिली : 'पाहुणा ठेवू इच्छितो, कितीही दिवस.' अशा फॉर्मसाठी रकाना नसल्यामुळे तो स्वीकारायचा की नाही, हे शाळेचे अजून ठरलेले नाही.

आपली विश्वासू,
इयत्ता बारावीची एक विद्यार्थिनी, पुणे